नोंदवही

मोखोत्लोंगच्या दवाखान्यात, पत्र्याच्या खोलीत,
म्मे मारेत्सेपिले कागद उलटा ठेवते, विचारते:
न्ताते सेआबाता, मेंढी चोरीला कशी जाते?

मला हसू आलं, मग खोकला.
दांडगाईनं नेलेली सापडते, म्हटलं,
खुरांचे ठसे असतात, कुत्रा असतो.
मुरलेला चोर डोंगरावर येतच नाही.
तो गावप्रमुखाच्या कचेरीत जातो,
वहीत माझ्या नावाच्या जागी आपलं नाव घालतो.
मग मेंढी त्याची.
तिचं कोकरू त्याचं,
कोकराचं कोकरूही.

तसंच, ती म्हणाली.
रक्तात काही पेशी असतात, त्या चावत नाहीत,
नुसती हाक देतात: आला रे आला.
त्या हाकेवर बाकीचे धावून येतात.
हा नेमका त्यांच्याच दाराला लागतो.
जवळ एक चिठ्ठी, उलट्या लिपीतली.
आत शिरला की ती सुलट करतो,
वहीत टाके घालून शिवतो.
पेशी तीच ओळ वाचते, तिच्याबरहुकूम राबते,
चोराची पोरं आपल्या अंगावर वाढवते
आणि झिजून मरते.

वेल्कमच्या खाणीत एकोणीस वर्षं.
त्यातली कुठली रात्र, मला ठाऊक नाही.
मापालेसाला वाटतं, मला ठाऊक आहे.
एकदा पंधरा दिवस ताप होता, घशात काटे.
मुकादम म्हणाला, फ्लू.
पुढं आठ वर्षं काहीच नाही.
मी घर बांधलं, घोडा घेतला.

आता ती कागद सुलटा करते.
शहाऐंशी.
माझ्या मेंढ्या एकशे चौदा आहेत, मी म्हणतो,
का म्हणतो कोण जाणे.
निरोगी माणसात हजाराच्या आसपास, ती म्हणते.

तर हाक देणारे शहाऐंशी उरले.
फुप्फुसात दगडाच्या धुळीखाली
कधीचा निजलेला क्षय उठून बसला.
जिभेवर पांढरी बुरशी, दह्यासारखी.
यांना एरवी कुणी उंबरा ओलांडू दिला नसता.
मारणारे हेच,
तो नुसता दार उघडं ठेवून जातो.

आधी क्षयाच्या गोळ्या, मग दोन आठवड्यांनी ही,
रोज रात्री आठला, मरेपर्यंत.
हिनं चोराची लेखणी मोडते.
आणि लिहिलेलं?
ते खोडता येत नाही, न्ताते.
काही पेशी ती ओळ पोटात घेऊन झोपल्यात.
गोळी चुकली की उठतील.

मी घोंगडीची पिन लावली.
दोनदा सुटली.

बाहेर बाकावर मापालेसा,
टोचलेल्या बोटावर कापूस दाबून.
तिचा कागद यायचाय.
ती माझ्याकडं बघत नाही, समोरच्या बर्फाकडं बघते.
लेबेलो तिच्या पायाशी पडलाय, कान टवकारून.
दवाखान्यात अनोळखी माणसं येतात, जातात.
तो भुंकत नाही.
मला वाटतं, भुंकावं त्यानं.