निजलेली गाडी

ती दोघं अकराला येणार होती.
साडेदहाला मी गाडी काढली,
ऐरोलीच्या पुलाला हात लावून परत आलो,
म्हणजे तिचा सकाळचा तो एक फुत्कार
माझ्या एकट्यादेखत होऊन जावा.

चौदा वर्षांची. पेट्रोल. एकहाती.
जाहिरातीत तसं लिहिलं होतं, ते खरं होतं.
'एक रुपयाचं काम नाही', हेही लिहिलं होतं.

उर्मिला सोनटक्के, महाप्याला चाळीस डबे पोचवणाऱ्या.
सोबत गोठिवलीचे हसुराम मढवी, मिस्त्री,
खिशात घडी घातलेला पांढरा रुमाल,
नाकासाठी नसलेला.
त्यांनी किल्ली मागितली नाही.
बॉनेटवर तळवा ठेवला,
पोराच्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि विचारलं, "कुठशी आणली?"
"कुठूनच नाही. उन्हात उभी आहे ना."

गाडी कडुनिंबाच्या सावलीत उभी होती.

ते सावलीकडे बघत म्हणाले,
"उद्या येतो. सहाला. निजलेली पायजे."

रात्री दोनदा गॅलरीत गेलो.
खाली ती गप्प,
आणि तिच्या आत कुठेतरी
थेंब
थेंब.

सहाला मढवी सायलेन्सरपाशी उकिडवे बसले,
रुमाल उलगडून धरला.
"तुमीच चालू करा."
किल्ली फिरवली. आरशात पाहिलं नाही.
उर्मिलाबाई म्हणाल्या, "कढई गॅसवर विसरल्यासारखा वास येतोय."
"पांढरा असता तं पानी," ते त्यांना सांगत होते, मला नाही,
"काला असता तं पेट्रोल जास्त.
यो निला. यो त्यालाचा."

रबाळ्याच्या कंपनीत सव्वीस वर्षं
मी चंचुपात्रातले रंग वाचून पगार घेतला.
हा रंग ओळखायला मला
कोणाच्या रुमालाची गरज नव्हती.

एकवीस सेकंद. मग धूर विरला.
दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं,
चहावाला येऊन गेला.
मग त्यांनी पाय दाबून धरला, गाडी कोकलली,
रुमालावर काही उमटलं नाही.
पाय सोडला, थांबले, पुन्हा दाबला:
निळी फुंकर, एवढीशी.

"रिंगा गेल्या असत्या तं
पाय दाबला का मागच्याला रस्ता दिसला नसता.
हिचे वालसील गेले. रबर म्हातारा झाला.
रातभर वरशी गिलते, सकालची वकते."

तरी प्लग काढलेच.
तीन बिस्किटाच्या रंगाचे, एक काजळलेला, ओला.
त्या भोकात चमचाभर तेल सोडून
मीटरचा काटा पाहिला.
काटा आधी होता तिथवरच चढला.
म्हणजे खालचं शाबूत होतं.

हात पुसत, सहज विचारावं तसं:
"त्याल किती घालता?"

'घालतच नाही' जिभेवर तयार होतं.
जिन्याखाली रिकामे डबे होते,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
भंगारवाल्याला एकदम न देता
एकेक करून दिलेले.

"अर्धा लिटर," मी म्हणालो. "महिन्याला.
दोन वर्षं झाली."

मढवींनी मान हलवली,
जणू सकाळपासून
हाच एक काटा वर यायचा राहिला होता.

उर्मिलाबाईंनी अठरा हजार कमी केले.
मी घासाघीस केली नाही. करता आली असती.
सील बदलायला किती लागतात
ते मी मागच्या दिवाळीतच विचारून ठेवलं होतं.

आठवड्यानं गाडी न्यायला त्या आल्या,
पुढच्या सीटवर डब्यांची रिकामी पिशवी.
उरलेल्या तेलाचा डबा मी डिकीत ठेवला,
त्यावर मार्करनं लिहिलं:
सील बदलेपर्यंत, दर पंधरा दिवसांनी, पाव लिटर.

गतिरोधकावर त्यांनी पाय उचलला,
पुन्हा दाबला.
मी फाटकातच उभा होतो.
सोसायटीच्या वॉचमननं नाकाला हात लावला
आणि मला विचारलं,
"साहेब, हिला पहिल्यापासूनच होतं का हे?"