जागा

देब्रेत्सेनला जानेवारीत सकाळ
कोळशाच्या धुरातून वाट काढत येते.
त्याआधीच एतेल्काबाईंनी ढोलावरचा कागद
रॉकेलच्या काजळीने काळाभोर केलेला असतो,
आणि गिनिपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा
काचेच्या नळीत दोऱ्याने टांगलेला.
खारट कोमट पाणी. प्राणवायूचे बुडबुडे.
पोट नाही, भूक नाही, जनावरही नाही,
तरी तो हलतो, हळू,
झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

"कुलूप-किल्ली विसरा," बाई म्हणाल्या.
"कुलूप कधी थरथरतं का?
जागा म्हणा. पेशीच्या उंबऱ्यावरची जागा."
असेटिलकोलीनचा एक थेंब:
तुकडा आकसला, लेखणी उसळली,
काजळीत पांढरा डोंगर.
दुप्पट थेंब, डोंगर उंच.
पुन्हा दुप्पट, जरासाच उंच.
"इथून पुढे कितीही ओता, फुकट."

मग अॅट्रोपीन.
काहीच नाही. सरळ रेघ.
देनेश म्हणाला, औषध शिळं दिसतंय.
"शिळं नाही. येऊन बसलंय.
बसतं, हूं की चूं करत नाही,
आणि दुसऱ्याला टेकू देत नाही.
आमचे लोरांड रविवारी जेवायला बसायचे, तसं."
आम्ही हसलो. त्याही हसल्या, अर्ध्यावर थांबल्या.

थेंब वाढवत गेलं की गर्दी त्याला रेटते;
डोंगर पुन्हा उगवतो, तेवढाच उंच,
फक्त महाग पडतो.
आणि धुवत राहिलं
तर तेही कधीतरी उठून जातं.

शेवटी तपकिरी बाटली.
"हे मात्र उठत नाही. जागेलाच चिकटतं."
चार वेळा धुतलं. सहा वेळा.
लेखणी ढिम्म.
"मग ती जागा?"
"गेली. पेशी नवी घडवते,
आतून, थोडी थोडी. दिवस लागतात."
"थांबून बघू या ना."
बाईंनी दोरा सोडला, तुकडा चिमट्याने उचलला.
"ह्याला तेवढा वेळ नाही.
अंगाबाहेर काढलेल्याला नसतो."

कागद लाखेत बुडवून
त्या दोरीवर वाळत घालत होत्या तेव्हा दिसलं:
बोटात अंगठी नाही,
तिथे फिकट, गुळगुळीत वळ.
खाली ट्राम येऊन थांबली, कुणी चढलं नाही.
"पण दिवस म्हणजे किती, बाई?"
"उंदरात मोजलेत," त्या म्हणाल्या,
आणि हात पुसले.