भट्टीचं तोंड

खानापुरात, मलप्रभेच्या अलीकडे,
गुड फ्रायडेच्या दुपारी
इनासमामानं कौलांच्या भट्टीचं तोंड लिंपलं.
चिखल, भुसा, वर ओल्या पोत्याचा हात.
मग कोपरापर्यंत तांबडा, तसाच
देवळात मागच्या बाकावर येऊन बसला.
क्रुसाचं चुंबन घेताना
लाकडावर त्याच्या बोटांचा डाग राहिला.
कुणी पुसला नाही.

शनिवारी मी विचारलं, उघडूया का?
बाहेरून तर गारच लागते भिंत.
म्हणाला, "गडबड करू नको गा.
आत अजून चाललंय.
आज वारं शिरलं की सगळा माल तडकतो."
काजूच्या झाडाखाली बसून राहिलो.
बेळगावची बस आली, गेली.
भट्टी नुसती होती.

रात्री देवळाच्या अंगणात नवा विस्तव.
वाऱ्यात काडी विझते, म्हणून फादर
दरसाल मामालाच पुढं बोलावतात.
तो ओणवा झाला, तळव्यांचा आडोसा केला.
ख्रिस्ताचा प्रकाश, मराठीत, मग कन्नडमध्ये,
मागं कुणीतरी कोकणीत पुटपुटलं.
मेण सगळ्यांच्याच बोटांवर सांडलं.

परतताना मी म्हणालो, लाझरसही उठलाच की.
मामा थांबला.
"तो कच्चा उठला.
कच्चं कौल पाण्यात टाक, परत चिखल.
बिचाऱ्याला दोनदा मरावं लागलं असणार.
हा भाजून निघाला."
एवढं बोलून त्याला खोकला आला.

पहाटे तोंड फोडलं.
ऊब आली, माणसाच्या अंगाला असते तेवढी.
मामानं एकेक कौल बोटानं वाजवलं. खण्ण.
एक उलटं केलं, आणि थांबला.
आतल्या बाजूला चार बोटं उमटलेली.
नातालीनमामीची.
संक्रांतीच्या सुमारास थापलेला हा माल;
मामी गेली राखेच्या बुधवारी.
बोटं उमटतात म्हणून किती चिडायचा तिच्यावर,
गिऱ्हाईक नावं ठेवतं म्हणायचा.

त्यानं आपली बोटं त्या खळग्यांत घातली.
बसली नाहीत. तिची बारीक होती.

मला वाटलं, हे आता घरी नेणार.
त्यानं ते देसूरच्या ट्रकात
बाकीच्यांबरोबर रचलं, मध्ये पेंढा घातला.
कुणाच्या तरी छपरावर चढेल.
खाली खाटेवर पडलेलं कुणी
वर बघेल.