मूठभर फालसे

रोप वीतभर होतं.
काटोलच्या बसमध्ये मांडीवर धरून आणलं.
कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट लागते बाई,
आणि मी खरंच पाकीट उघडलं.

न्हाणीमागे लावलं, पंचफुलाबाईच्या कुडाला लागून.
दोन वर्षं नुसती पानं,
मांजराच्या जिभेसारखी खरखरीत.
एकदा बकरीनं खाल्लं, एकदा मीच
वाळलं समजून अर्धं उपटलं.

तिसऱ्या पौषात झिंगराजी विळा घेऊन आला
आणि गुडघ्याइतकं ठेवून सगळं उतरवलं.
मी दारातून ओरडले, मारलं का बाप्पा झाड!
धारेवर अंगठा फिरवत तो म्हणाला,
"जुन्या काडीले हे फळ देत नाही.
नव्या काडीलेच देते.
पाहवत नसन तं आत जाऊन बस."
मी आत जाऊन बसले.
काड्यांचा भारा त्यानं टोपल्यांसाठी नेला.

माघभर त्या खुंटांकडे पाठ करून धुणं धुतलं.
मग एक दिवस पाठीला काहीतरी हिरवं लागलं.

फुलं पिवळी, मधमाश्यांना पुरतील एवढीच.
फळं वाटाण्याएवढी, हिरवी, लाल,
आणि वैशाखात, कूलरसुद्धा गरम हवा फेकतो तेव्हा,
काळीजांभळी.
पण सगळी एकदम नाहीत.
आज अकरा. उद्या सात.
बाजारात न्यावी एवढी कधीच नाही.

बुलबुलं साडेपाचला येतात, म्हणून मी पाचला.
जुनं लुगडं टाकलं झाडावर,
तर ती आत शिरून सावलीत जेवू लागली,
पाहुण्यांसारखी.

फांद्या कुडापलीकडे गेल्या.
तिकडचे फालसे मी इकडून मोजत असे.
मागत नव्हते. बोलणंच नव्हतं सात वर्षं,
न्हाणीचं पाणी तिच्या अंगणात जायचं त्यावरून.
खरं सांगायचं तर
ते पाणी अडावं म्हणूनच झाड तिथे लावलं होतं.

परवा कुडाच्या खांबावर स्टीलची वाटी.
एकोणीस फालसे, धुतलेले, दोन कच्चे.
रिकामी करून उलटी केली तर बुडाला
तिच्या लेकीच्या लग्नाची तारीख कोरलेली.
त्या लग्नाला मी गेले नव्हते.
त्या दिवशी घरात बसून
सनईच्या आवाजात तांदूळ निवडले होते, आधीच निवडलेले.

वाटी रिकामी परत देऊ नये.
साखर घालावी, तर मुंग्या.
सरबत करावं, तर वाटीभर सरबत कोणी देतं का?
फालसेच द्यावेत म्हटलं,
तर काल माझ्या बाजूला चार पिकले,
आज तीन, त्यातला एक चोचीनं फोडलेला.

वाटी दोन दिवस माझ्या ओट्यावर.
येता-जाता मी तिला पदरानं पुसते.

आज पहाटे लुगडं उचललं
तर पलीकडून आवाज आला,
"माही वाटी देतं का नाही वं?"

बुलबुलं भुर्र झाली.
मी म्हटलं, उद्या.
अजून पिकले नाहीत.