पंचवीसचा चपटा बिट

लक्ष्मीपुरीत दुकानदारानं पाच बिट पुढ्यात टाकले.
इलाही मिस्त्रींनी चमक बघितलीच नाही.
नखावरून धार ओढली, टोक उजेडाला धरलं,
चार परत सारले. "ह्यो एकटा सरळ हाय."

काम एवढंसं: गंगावेशीत, दूधकट्ट्याजवळ,
मस्क्यांच्या सागवानी टेबलाला भोक.
पैसे आले की बोलणाऱ्या डब्याची वायर जायची.
वायर बारीक, पण पिन जाडजूड, म्हणून पंचवीस.

मी रेटलं. मशीन किंचाळलं,
लाकडातनं धूर.
"अंगावर पडू नगंस त्येच्या. कापू दे त्येला."
हात हलका केला
तशा कुरळ्या चिपा सुटल्या,
दुधाच्या वासात सागाचा वास.

"थांब."
टेबलाखाली हात घालून चाचपलं त्यांनी:
टोक नुसतं टोचत होतं, बाभळीच्या काट्याएवढं.
"आता पालथं घाल. त्याच छिद्रात टोक ठेव.
एका दमात गेलास तर जाताना फाडून जातंय."

पालथं घातलं.
खालच्या फळीवर खडूनं कुणाचीतरी उधारी:
रानगे, अडीच शेर.
भोक तिच्या शेजारून गेलं.

मस्क्यांनी डबा लावून बघितला.
एक रुपया प्राप्त झाला, डबा म्हणाला.
मिस्त्री अजून बिटच पुसत होते.