नोव्हेंबरपासून

बॉयलरची ज्योत पिवळी.
डेस्मंड गुडघ्यावर बसून बघत राहतो तिच्याकडे,
जरा जास्तच वेळ.
मग कॉक बंद. वर लाल चिठ्ठी: वापरू नये.

"डोकं दुखतं का, मिसेस थर्लबी?"
"नोव्हेंबरपासून. आर्थर गेला ना, तेव्हापासून.
दुपारी नुसती पेंग. चहा बेचव.
डॉक्टर म्हणाले, दुःख आहे, ओसरेल."

धुराड्यात कावळ्याचं घरटं:
काटक्या, मेंढीची लोकर,
कुणाच्यातरी बुटाची नाडी.
घरमालक फोनवर विचारतो, सर्टिफिकेटचं काय?

खिडक्या सताड उघड्या.
ग्रिम्सबीच्या गोदीवरचा खारट गारठा
पडदा उचलून आत.

कोट घालूनच ती खुर्चीत बसते.
बोलत नाही.
तो हत्यारं पुसून पेटीत ठेवायला लागतो
तेव्हा विचारते,

"म्हणजे त्यातलं
आर्थरसाठी किती होतं?"