पाचशे फिल्सच्या आत

या महिन्याची अट शाइनीने ठरवली:
नवीन कापड आणायचं नाही.
चेन, बटण, दोरा धरून खर्च पाचशे फिल्सच्या आत,
आणि वस्तू अशी, की रोज हातात येईल.
"शोकेसमध्ये ठेवायला काही शिवलंत
तर पुढच्या वेळी सगळ्यांची काजं तुम्ही करायची."
काजं म्हटल्यावर सगळ्या गप्प.

आम्ही साठ-सत्तर जणी, फहाहीलपासून सालमियापर्यंत,
निम्म्यांचे चेहरेही पाहिलेले नाहीत.
चिठ्ठ्या शाइनीच्या धाकट्याने उचलल्या
डोळे मिटून, एक जरासा किलकिला.
माझी जोडी निघाली: स. मोरजकर, मंगफ.
रंग हिरवा. लेस नको.
हात डावा. चष्मा सारखा हरवतो.

बस, एवढंच.
पण मी सुतावरून स्वर्ग गाठणारी,
आणि सूत तर माझ्याकडे खोकाभर.
दुपारपर्यंत अख्ख्या सरोजबाई उभ्या केल्या:
पन्नाशीच्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या,
केसांत खोचलेला चष्मा घरभर शोधणाऱ्या
आणि सापडला की नवऱ्यावरच चिडणाऱ्या.

हिरवं म्हणजे घरात एकच होतं.
डोहाळजेवणाची साडी.
एकदाच नेसले, मग सोळा वर्षं बॅगेच्या तळाशी,
तीन घरं बदलली तिने माझ्याबरोबर.
कात्री लावताना हात थांबला,
खोटं कशाला बोलू.
पदराजवळ पन्ह्याचा एक डाग अजून होता.
तो सोडून कापलं.

शुक्रवारी धुळीचं वादळ.
फटींना ओले टॉवेल, खिडकीत हळदीसारखा उजेड,
दातांखाली कचकच.
चष्म्याचं घर शिवायला घेतलं
आणि झाकण तीनदा उसवलं.
डाव्या हाताने उघडायचं तर सगळंच उलटं:
बटण इकडे, घडी तिकडे,
माझा उजवा हात मध्येच नको तिथे शहाणपणा करायला हजर.
शेवटी तो मांडीखाली दाबून बसले
आणि डाव्याने उघडून पाहिलं,
पुन्हा, पुन्हा,
सरोजबाईंचा अंगठा होऊन.

अदलाबदल कुंजुमोनच्या बकाल्यात,
दुधाच्या पावडरच्या डब्यांमागे.
मी माझं ठेवलं, माझ्या नावाचं उचललं,
आणि घरी येईपर्यंत दम निघाला नाही, जिन्यातच फोडलं.

नारिंगी. जाड. बॉयलरसूटचं कापड.
कात्र्या-सुया ठेवायची गुंडाळी, आठ कप्पे,
कडेला चांदीची चमकती पट्टी,
आणि टीप इतकी सरळ
की तिच्यावर पट्टी ठेवून पट्टीच तपासावी.
आत वहीचा कागद:
"ताई, सूट जुना आहे पण तीनदा धुतला आहे.
पट्टी अंधारात दिसते, कात्री शोधायला बरी.
साबाजी मोरजकर, वेल्डर. मूळ गाव आरोंदा."

मी पायरीवर बसले.
सरोजबाईंना तेवढ्यात चष्मा सापडला
आणि त्या काही न बोलता निघून गेल्या.

नवरा हसला पोटभर.
मला मात्र काळजी:
बारीक कोयऱ्यांची ती साडी,
वेल्डिंगवाल्या माणसाच्या खिशात,
कॅम्पातल्या खोलीत चौघांसमोर.
आठवडाभर काही कळेना,
आणि विचारणं बरं दिसेना.

मग मिरच्या आणायला गेले तेव्हा कुंजुमोन म्हणाला,
"तुमचा माणूस आला होता.
उधारीची वही दाखव म्हणाला,
खिशातून हिरवं काढलं, चष्मा लावला,
बेरीज तपासली, माझी चूक काढली, परत ठेवला."
कुठल्या हाताने, मी विचारलं.
त्याने आठवून डावा अंगठा हवेत उडवला,
न बघता उघडतात तसा.

त्या रात्री सगळ्या सुया नव्या घरात लावल्या.
कागद टाकणार होते, तर मागेही लिहिलेलं,
पेन्सिलीने, भीत भीत:
"काजं कुणाला जमत नसतील तर पाठवा.
मला आवडतात."